ट्रॉलीच्या तळाचा गंज आणि त्याचे निवारण

बैल लंगडू लागला की शेतकरी ताबडतोब वाकून त्याचा खूर पाहतो. परंतु ज्या ट्रॉलीवर घरचा ऊस, खत आणि धान्य वाहिले जाते, तिच्या तळाकडे वर्षानुवर्षे कोणी वाकून पाहत नाही. दसऱ्याला तिच्या फाळक्यांना रंग लागतो, झेंडूच्या माळा चढतात. तळ मात्र चिखलाने माखलेलाच राहतो. ट्रॉलीचे आयुष्य फाळक्यांवर नव्हे, तर तळाच्या चौकटीवर अवलंबून असते, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी ऊसपट्ट्यातील एका गावी प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. उसाने भरलेली ट्रॉली कालव्याच्या चढावर आली असता, ट्रॅक्टरला जोडणारा दांडा वेल्डिंगच्या सांध्यापाशी तुटला आणि ट्रॉली मागे घसरून चरात कलंडली. मागे कोणी नव्हते म्हणूनच मोठा अनर्थ टळला. तुटलेली जागा पाहता, कडेला बोटाच्या पेराएवढाच धातू चकचकीत दिसत होता. बाकीचा सारा भाग आतून तांबडा पडला होता. म्हणजे सांधा त्या दिवशी तुटला नव्हता. तो कित्येक पावसाळे तुटतच आला होता. फाळक्यांवरील रंग मात्र नवा होता!

गंज कसा चढतो?

लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज तयार होतो. यांपैकी एकास दूर ठेवले तर गंज चढत नाही. पुसून कोरड्या जागी टांगलेला विळा महिनोन्महिने स्वच्छ राहतो. तोच बांधावर विसरला तर एका रात्रीतच त्यावर तांबूस छटा येते. ट्रॉलीच्या तळाला चिकटलेला चिखल ओल्या फडक्याप्रमाणे काम करतो. वरून तो वाळलेला दिसला तरी पत्र्याला लागून असलेला थर दीर्घकाळ ओला राहतो.

त्यात रासायनिक खतांची भर पडते. हवेतील आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतील ओलावा शोषून पाझरू लागतो, आणि पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस याहून अधिक असते. फटींत सांडलेले खताचे दाणे अशा रीतीने आपल्यापुरते पाणी स्वतःच ओढून घेतात. क्षारयुक्त पाण्यात गंजण्याची क्रिया जलद होते. याच कारणामुळे पोटॅशसारखे खत वाहणाऱ्या, खारपड जमिनीत चालणाऱ्या आणि कोकण किनाऱ्यावरील खारी हवा लागणाऱ्या ट्रॉल्यांना अधिक जपावे लागते.

ॲल्युमिनियमच्या भांड्यावर जो थर चढतो तो घट्ट बसून आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नव्हे. तो सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि फुगून रंगाला आतून उचलतो. त्या पापुद्र्याखाली पुन्हा पाणी शिरते आणि क्रिया चालूच राहते.

गंजाची पायरी ओळखा

बोट फिरविले असता तांबडी भुकटी लागते, पण खालचा पत्रा सपाट असतो. हा वरवरचा गंज होय. तो ब्रश व रंगाच्या डब्याने आटोक्यात येतो. पापुद्रे सुटत असतील व खड्डे पडले असतील, तर गंज आत उतरला आहे असे समजावे. पापुद्रे काढून लहान हातोडीने हलके ठोकून पाहावे. फुटक्या मडक्याप्रमाणे आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर तेथे रंगाचा उपयोग नाही. कुशल कारागिराकडून तो भाग बदलून घ्यावा. दांडा, कडी, आसाची बैठक आणि वेल्डिंगचे सांधे येथे शंका जरी आली तरी दुरुस्तीपूर्वी भार घालू नये.

कामाची रीत

उसाचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांतील कोरडे दिवस या कामास उत्तम.

१. ट्रॉली रिकामी करून सपाट, टणक जागी उभी करावी व चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावाव्यात. केवळ जॅकच्या आधारावर ट्रॉलीखाली कदापि शिरू नये. भक्कम आधार द्यावेत. उचलणाऱ्या ट्रॉलीचा हौद वर असताना त्याखाली मजबूत टेका असल्याशिवाय हात घालू नये.

२. लाकडी खुरपणीने चिखल काढून गोड्या पाण्याने तळ धुवावा. चौकटीच्या पोकळ भागांना पाणी निथळण्यासाठी असलेली भोके तारेने मोकळी करावीत. धुण्यासाठी ट्रॉली ओढ्यात वा नदीत घालू नये. तेल व खत माणसांच्या आणि गुरांच्या पाण्यात मिसळते.

३. एक-दोन दिवस ऊन व वारा देऊन तळ पूर्ण वाळू द्यावा. नंतर सुटलेला रंग व गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून काढावा. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मास्क असावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे तो ओला करून घासणे बरे. त्यानंतर भाग पुन्हा वाळवावा.

४. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असलेले गंजरोधक द्रावण हातमोजे घालून लावता येते. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की पाणी काळे पडते, हे आपल्याकडे जुन्या लोकांना ठाऊक आहे. टॅनिनच्या द्रावणात हाच गुण कामी येतो. मात्र त्यावर रंग दिलाच पाहिजे.

५. तेलकटपणा पुसून त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा. उघडे पोलाद रात्रभर ठेवू नये. प्रायमर वाळल्यावर ऑईलपेंटचे दोन हात द्यावेत. दोन हातांमधील अवधी डब्यावरील सूचनेप्रमाणे ठेवावा. नुसत्या प्रायमरमधून ओलावा आत शिरतो, म्हणून तेवढ्यावर काम सोडू नये. दवाने ओल्या किंवा भर दुपारी चटका देणाऱ्या धातूवर रंग लावू नये.

६. चाकांमागील भागास, जेथे खडे व चिखल उडतो, रंगाऐवजी तळासाठी मिळणारा डांबरी लेप द्यावा. त्यास ओरखडा पडल्यास तो लगेच भरावा. अन्यथा त्यातून शिरलेले पाणी लेपाखाली अडकते.

हे टाळावे

ब्रेक, रबरी नळ्या, ग्रीस भरण्याची तोंडे, कमानीचे एकमेकांवर घसरणारे पाटे आणि चौकटीवर कोरलेला क्रमांक यांवर रंग वा लेप देऊ नये.

तळाला जळके ऑईल फासण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ती स्वस्त वाटली तरी हितावह नाही. हे तेल ठिबकून शेतात पडते, धूळ धरून ठेवते, रबर खराब करते, त्वचेस अपाय करते आणि पुढे रंग धरू देत नाही. तद्वतच पूर्वी जवसाच्या तेलात शेंदूर खलून लोखंडास लावीत असत. गंज रोखण्यास तो उपयुक्त खरा. परंतु शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी असल्याने आता तो वापरू नये. ओल्या चिखलावर किंवा सुट्या गंजावर चढविलेला कोणताही लेप हा उपाय नसून केवळ झाकण होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

दसऱ्यापूर्वी गावातील एखादी ट्रॉली रिकामी करून शेतकऱ्यांसमक्ष तिचा तळ धुऊन दाखवावा आणि हातोडीचा आवाज प्रत्येकास ऐकवावा. खणखणीत व बद्द आवाजातील भेद एकदा कानाने ओळखला की व्याख्यानाची गरज उरत नाही. खत वाहिल्यावर त्याच संध्याकाळी तळ धुणे, पावसाळ्यापूर्वी रंग देणे आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे, एवढी शिस्त लागली तरी पुष्कळ साधेल. वरवरच्या गंजास एक दिवसाची मेहनत व थोडा रंग पुरतो. उशीर झाल्यास नवा पत्रा आणि वेल्डिंगचा खर्च येतो, आणि कालव्याच्या चढावर तर माणसाच्या जिवाचेच मोल द्यावे लागेल.