भाताभोवतीचे अन्न

गोंदियासारख्या गावी आहाराविषयी बोलणे निघाले, की एक प्रश्न हटकून पुढे येतो : आता भात सोडावा काय? मधुमेहाच्या धास्तीने कित्येक घरांत रात्रीचा भात बंद झाला आहे आणि त्याची जागा गव्हाच्या पोळीने घेतली आहे. ज्या जिल्ह्यात आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत पावसाळ्यात बांधीला बांधी लागून धानच दिसते, तेथे हा प्रश्न ऐकून आम्हांस थोडे नवल वाटते. भाताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी दोन गोष्टींची चौकशी झाली पाहिजे. दाण्यावरून काय निघून गेले, आणि ताटात भाताच्या शेजारी जे होते ते कोठे गेले?

प्रथम दाणा पाहू. धानाच्या बाहेर तूस असते, त्याखाली तांबूस-करड्या कोंड्याचा पातळ थर, एका टोकाला अंकुर आणि मध्ये पांढरा पिठूळ गाभा. गिरणीत शंभर किलो धान घातले, तर सुमारे 65 ते 67 किलो तांदूळ, वीसेक किलो तूस आणि सहा ते आठ किलो कोंडा निघतो. गाभा म्हणजे मुख्यतः पिष्ट. त्याने पोट भरते, अंगी ताकद येते. परंतु ब-1 जीवनसत्त्व, लोह आणि तंतू यांचा मोठा साठा त्या सहा-आठ किलो कोंड्यात व अंकुरात असतो. तो कोंडा तेलाच्या कारखान्यात जातो आणि उरलेली पेंड जनावरांच्या खाद्यात. या हिशेबाने आपल्या गोठ्यातील म्हैस आपल्यापेक्षा बरा तांदूळ खाते, असे म्हणावे लागेल!

हे ज्ञान जगाला झाले ते कोंबड्यांमुळे. गेल्याच्या आधीच्या शतकात, 1890 नंतरच्या काही वर्षांत, जावा बेटावरील बटाव्हिया येथे आयकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचे कारण शोधीत होता. या रोगात पायांतील शक्ती जाते, मज्जातंतू दुबळे होतात, कधी हृदयही थकते. रोगाचे जंतू सापडेनात. तेवढ्यात प्रयोगशाळेतील कोंबड्याच लुळ्या पडू लागल्या आणि काही दिवसांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळले, की मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा शिजलेला भात मिळत होता. नवा आचारी आला, त्याने तो देणे बंद केले, आणि कोंबड्या पुन्हा चालू लागल्या. या शोधाबद्दल आयकमन यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या शेजारी वर्ध्यालाही या प्रश्नाचा विचार झाला होता. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. त्यात खेड्यातील रोजगाराचा विचार होता, तसाच पोषणाचाही होता. ढेकीत सडलेल्या दाण्यावर कोंड्याचा काही थर राहतो, एवढे त्याचे साधे रहस्य. मात्र ढेकी परत आणा, असे सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पहाटे उठून ढेकी कोण चालवीत असे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या बायांना विचारले, तर त्या गिरणीलाच दुवा देतील.

शिवाय बिनसडीच्या तांदळाच्या अडचणी खऱ्या आहेत. कोंड्यात तेल असते, म्हणून तो लवकर खवट होतो आणि त्याला किडाही लवकर लागतो. शिजायला वेळ व इंधन जास्त लागते. आणि दुकानात हा तांदूळ मिळालाच, तर गमतीची गोष्ट अशी, की काम कमी करूनही त्याची किंमत जास्त असते.

यावर एक मधला मार्ग फार जुन्या काळापासून आहे : उकडा तांदूळ, ज्याला बाजारात उष्णा म्हणतात. येथे धान तुसासकट भिजवून, वाफवून, मग वाळवून गिरणीत घालतात. भिजताना आणि वाफेत कोंड्यातील ब-1 जीवनसत्त्वाचा बराच भाग आतल्या गाभ्यात उतरतो. पुढे कोंडा निघाला तरी तो सगळा जात नाही. आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवर कच्चा सडलेला तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी आढळे आणि उकडा खाणाऱ्या प्रांतांत ती क्वचित दिसे, त्याचे कारण हेच. कोकणात उकड्या तांदळाची पेज आवडीने पितात. आपल्याकडे मात्र त्याचा वास व पिवळसर रंग पाहून नाक मुरडले जाते. पाहुण्यांपुढे बारीक, पांढराशुभ्र भातच हवा. दाणा बारीक असण्यात काही गैर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेले एचएमटी धान बारीकच आहे, आणि ते आपले भूषण आहे. हट्ट आहे तो शुभ्रतेचा.

15 ऑगस्ट 2021 रोजी शिधावाटपाचा तांदूळ पोषणयुक्त करण्याची घोषणा झाली. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 घातलेला एक कृत्रिम दाणा शंभर साध्या दाण्यांत मिसळावा, अशी ती रीत. हे वेगळे दिसणारे दाणे ‘प्लास्टिकचे’ समजून सुपातून वेचून फेकणारी घरे पुष्कळ निघाली.

आता भाताच्या शेजाऱ्याकडे वळू. तांदळातील प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. उलट डाळीत जे कमी, ते तांदूळ पुरवितो. वरण-भात ही जोडी अशी शास्त्राला धरून आहे. आपल्या भागात ती डाळ फार काळ लाखोरीची, म्हणजे लाखोळीची, होती. उभ्या धानात कापणीआधी पंधरवडाभर बी फेकायचे. नांगरट नाही, खत नाही, बांधीतील उरलेल्या ओलीवर पीक येते. गरिबाला याहून स्वस्त प्रथिने मिळणे कठीण. लाखोरीच्या वड्यांविषयी तर अधिक सांगायला नको.

पण या डाळीवर एक काळी खूण आहे. 1829 नंतर सागर भागात लागोपाठ पिके बुडाली, लोक महिनोन्‌महिने याच डाळीवर जगले, आणि तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. कर्नल स्लीमन यांनी ते लिहून ठेवले आहे. पुढे रीवा भागात मालकांकडून मजुरीत हेच धान्य मिळणाऱ्या गड्यांत हा पंगुवात दिसला. डाळीतील दोषी द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी 1963-64 च्या सुमारास वेगळे काढले. त्याआधीच, 1961 मध्ये, केंद्राच्या नियमांनी विक्रीवर बंदी घातली होती. महाराष्ट्राने 2008 साली आपली बंदी उठविली. 2011 च्या देशव्यापी अन्नसुरक्षा नियमांत मात्र मनाई कायम राहिली. नागपूरचे शांतीलाल कोठारी यांनी या डाळीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला.

आमचे मत विचाराल, तर रोग झाला तो डाळच मुख्य अन्न झाल्यामुळे. जेवणाचा तिसरा-निम्मा हिस्सा दोन-तीन महिने लाखोरीचाच असेल, तर धोका मोठा. भाताबरोबर अधूनमधून वाटीभर, तीही तूर वा हरभऱ्यात मिसळून, ही गोष्ट निराळी. कमी विषाचे रतन, प्रतीक, महातिवडा हे वाण निघाले आहेत. डाळ कढत पाण्यात दोन-तीन तास भिजवून ते पाणी फेकावे व नव्या पाण्यात शिजवावी. विषाचा बराच भाग जातो, सगळा जात नाही. दुष्काळी दिवसांत मात्र तिच्यावर भिस्त नको.

दुसरे शेजारी तळ्यात व बांधावर होते. नवेगाव बांधसारख्या जुन्या तलावांतून लहान मासे, झिंगे, शिंगाडे येत. लहान मासा काट्यासकट खाल्ला, की चुना मिळतो. बांधावरचा तरोटा, अंबाडी, पावसाळ्यातले वास्ते, यांना बाजारभाव नव्हता म्हणून प्रतिष्ठाही नव्हती.

आणि आता हिशेब. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे 166 ग्रॅम. अंत्योदय कुटुंबाला घरटी 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या नमुना ताटात माणशी 250 ग्रॅम धान्य, 400 ग्रॅम भाजी आणि डाळ-अंडी-मांसमासे मिळून 85 ग्रॅम आहेत. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला दहा किलो डाळ किंवा तत्सम वस्तू, आणि रोज दीड किलोहून अधिक भाजी! धान्याचा दोन-तृतीयांश भाग शिध्यातून आला. बाकीचे सारे रोख पैशाने आणायचे आहे. मजुरीवरचे कुटुंब ती उणीव आणखी भाताने भरून काढते. त्याला आहारशास्त्राचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे.

शहरातील आपल्यासारख्यांची गोष्ट वेगळी. आपण भात वाढतो तेवढाच ठेवून वरण पातळ करतो. वाटीभर भात कमी करून वरण दाट करावे, आणि आठवड्यातून दोनदा अंबाडीची भाजी आणावी. तांदूळ दोनदाच, हलक्या हाताने धुवावा; जास्तीच्या पाण्यात शिजवून ते पाणी ओतू नये, त्यात ब-1 विरघळून जाते. घरचे धान असेल, तर गिरणीवाल्यास सांगून पॉलिश कमी करून घ्यावे आणि पंधरा-वीस दिवसांपुरतेच दळावे, म्हणजे खवट होत नाही. उष्ण्याची सुरुवात चौथाई भागाने करावी. एवढ्याचा वास मुलांच्याही ध्यानी येत नाही.