मुक्कामाचा भाव

परगावी निघालेल्या माणसाला दोन गोष्टींची काळजी असते. गाडीत बसावयास जागा मिळेल ना, ही पहिली. आणि गाडीतून उतरल्यावर पाठ टेकावयास जागा मिळेल ना, ही दुसरी. पहिलीचा निकाल तिकीट काढताना लागतो. दुसरीचा निकाल पूर्वी स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्याच्या सल्ल्याने किंवा एखाद्या आप्ताच्या पत्त्यावरून लागत असे. अलीकडे तो हातातल्या मोबाइलवर लागू लागला आहे. घरी बसून शेकडो हॉटेलांतून एक निवडावे, पैसे भरावे आणि निर्धास्तपणे निघावे, ही सोय लहान नव्हे. परंतु या सोयीबरोबर एक प्रश्नही आला आहे. त्या पडद्यावर जो भाव दिसतो, तो खरोखरच स्वस्त असतो काय? आणि स्वस्त असला, तर कोणाला?

मुक्कामाला भाव असलाच पाहिजे, असे आपल्याकडे पूर्वी नव्हते. अहल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री बांधलेल्या धर्मशाळा काय किंवा नर्मदेच्या परिक्रमावासीयांना वाटेत मिळणारा आसरा आणि सदावर्त काय, तेथील देवघेव पुण्याची होती. पैसे घेऊन उतरू देणाऱ्या सराया निराळ्या. १८६७ मध्ये सरकारने या सरायांसाठी कायदा केला, आणि सरायवाल्याने आपल्या दरांची यादी ठरवून दिलेल्या जागी लावून ठेवावी, असे त्यात घातले. पुढे तीनच वर्षांनी, मार्च १८७० मध्ये, मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे जुळला आणि प्रवासी लोंढ्याने येऊ लागले. दाराशी दर टांगलेला असावा, तो वाचून प्रवाशाने आत शिरावे किंवा पुढे जावे, हा त्या साध्या कलमातला अर्थ मला फार मोलाचा वाटतो. परवडत नाही असे म्हणून पुढे जाण्याची मोकळीक, हाच गरजू गिऱ्हाइकाचा खरा हक्क होय.

आजचे दरपत्रक दाराशी नसते. ते दलालाजवळ असते. हॉटेलांच्या खोल्या विकणारी ही संकेतस्थळे म्हणजे दुसरेतिसरे काही नसून अडत्याची दुकाने आहेत. एक्स्पीडिया आणि बुकिंग डॉट कॉम यांचा आरंभ १९९६ च्या सुमाराचा. आपल्याकडे मेकमायट्रिप २००० साली स्थापन झाली, यात्रा आणि क्लिअरट्रिप २००६ मध्ये आल्या, गोआयबिबो २००९ मध्ये, आणि ओयो २०१३ मध्ये. भाजीमंडीतला अडत्या जसा शेतकऱ्याच्या मालावर अडत घेतो, तशीच ही मंडळी खोलीच्या भाड्यावर दलाली घेतात. ती शेकडा पंधरा-वीस रुपये, कित्येकदा त्याहूनही अधिक असते. अडत्याला दोष देण्याचे कारण नाही. तो गिऱ्हाईक आणून देतो आणि त्याचा मोबदला घेतो. फक्त तो आपला मित्र नसून मध्यस्थ आहे, एवढे ध्यानी ठेवले पाहिजे.

आता भाव घटकेघटकेला बदलतो कशाने, ते पाहू. खोली हा नाशवंत माल आहे. संध्याकाळ झाली म्हणजे केळीवाला डझनाचा भाव उतरवितो, कारण उद्या ती केळी काळी पडणार. रिकामी राहिलेली खोली तर उद्यापर्यंतही टिकत नाही. आजची रात्र गेली की ती कायमची बुडाली. म्हणून गिऱ्हाईक कमी असताना मालक भाडे उतरवितो आणि गर्दी असताना चढवितो. विमान कंपन्यांनी हे गणित अमेरिकेत १९७८ नंतर पक्के केले, हॉटेलांनी त्यांच्यापासून उचलले, आणि यंत्रे आली तेव्हा ते क्षणाक्षणाला मांडता येऊ लागले. जबलपुरापुरते बोलायचे, तर शरद पौर्णिमेला भेडाघाटी नर्मदा महोत्सव असतो, माघ शुद्ध सप्तमीला ग्वारीघाटावर नर्मदा जयंतीची दाटी होते, आणि लग्नाच्या दाट मुहूर्तांना तर वऱ्हाडी मंडळी खोल्याच काय, व्हरांडेही भरून टाकतात. या दिवसांत स्वस्ताईची आशा धरणे व्यर्थ होय. उलट पावसाळ्यात भेडाघाटची नौकासैर बंद असते आणि हौशी प्रवासी ओसरतो. तेव्हा त्याच खोल्या नरम भावाने मिळतात. ज्याला दिवस निवडता येतो, त्याला स्वस्ताई आपोआप सापडते.

पण सर्वांनाच दिवस निवडता येतो काय? १९५६ पर्यंत पांढुर्णा, सौसर, मुलताई, बालाघाट या मुलखातील पक्षकार उच्च न्यायालयासाठी नागपूरला जात असत. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. तेव्हापासून या मराठी मुलखातील माणूस जवळचे नागपूर मागे टाकून जमिनीच्या दाव्यासाठी इकडे येतो आहे. त्याचा दिवस न्यायालय ठरविते, आणि पुष्कळदा तेच तो पुढे ढकलते. त्याच्यासाठी स्वस्त खोली कोणती, हे हिशेब मांडूनच पाहू.

समजा, एका खोलीचे भाडे ३,००० रुपये लिहून त्यावर काट मारली आहे आणि शेजारी ठळक अक्षरांत १,१०० रुपये दिले आहेत. दुसऱ्या, न्यायालयापासून पायी जाण्याजोग्या अंतरावरच्या लॉजचे भाडे १,३५० रुपये आहे. दोन रात्रींसाठी पहिल्या खोलीचे २,२०० रुपये झाले. साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा पाच वस्तू व सेवा कर आहे. त्याचे ११० रुपये. शेवटच्या पानावर दलालाचे सेवाशुल्क उगवते; ते १४० रुपये धरू. खोली शहराच्या टोकाला असल्यामुळे रिक्षाला रोजचे २०० प्रमाणे ४०० रुपये. एकूण २,८५० रुपये. दुसऱ्या लॉजचे दोन रात्रींचे २,७०० रुपये आणि कर १३५ रुपये. लॉजवाल्याला परस्पर दूरध्वनी केल्यामुळे शुल्क नाही, आणि जाणेयेणे पायी. एकूण २,८३५ रुपये. रात्रीमागे अडीचशे रुपयांनी स्वस्त दिसणारी खोली अखेर पंधरा रुपयांनी महागच पडली.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ती १,१०० रुपयांची खोली बहुधा 'रक्कम परत मिळणार नाही' या अटीवर असते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वकिलाचा निरोप आला की तारीख तीन आठवडे पुढे गेली, तर पक्षकाराचे २,४५० रुपये बुडाले. ज्या खोलीचे आरक्षण आदल्या दिवसापर्यंत विनाशुल्क रद्द करता येते, तिचे भाडे शंभर-दोनशे रुपयांनी अधिक असले, तरी अनिश्चित कामासाठी येणाऱ्याला तीच स्वस्त होय. ते अधिक रुपये म्हणजे विम्याचा हप्ता समजावा. रुग्ण घेऊन येणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

दुसरी बाब वेळेची. स्टेशनाजवळच्या पुष्कळ लॉजांत पाऊल टाकल्यापासून चोवीस तास मोजण्याची जुनी पद्धत असते. संकेतस्थळांवरील खोली मात्र साधारणतः दुपारी बाराच्या हिशेबाने मिळते. पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्याला अशा वेळी अर्ध्या दिवसाचे भाडे जादा द्यावे लागते, किंवा बाकावर बसून सूर्य वर येण्याची वाट पाहावी लागते. काही तासांचेच काम असेल, तर रेल्वेची रिटायरिंग रूम विसरू नये. तिकिटावरच्या पीएनआर क्रमांकाने ती आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून घेता येते.

आता पडद्यावरील आर्जवांविषयी दोन शब्द. 'फक्त एकच खोली शिल्लक', 'या क्षणी बाराजण हेच हॉटेल पाहत आहेत', अशी वाक्ये वाचून मन धास्तावते आणि बोट पुढे सरकते. ब्रिटनमधील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने या प्रकारांची चौकशी केली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा मोठ्या संकेतस्थळांनी आपली रीत सुधारण्याचे मान्य केले, आणि त्यात हे घाई लावणारे दावे, फुगविलेल्या सवलती, दडविलेले आकार आणि दलालीच्या प्रमाणात हॉटेलांचा क्रम वरखाली करणे हे सारे मुद्दे होते. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकविणाऱ्या तेरा युक्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई लावणे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणे या दोन्ही त्यांत आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेव्हा यादीत जे हॉटेल पहिले ते उत्तम, असे मुळीच समजू नये. आणि काट मारलेला मोठा आकडा हिशेबात धरूच नये, कारण तो भाव कोणी कधी दिला होता की नाही, हे आपणास कळण्याचा मार्ग नसतो.

मग या दुकानांत जाऊच नये काय? अवश्य जावे. कोणत्या भागात किती हॉटेले आहेत, साधारण भाव काय, उतरलेले लोक काय म्हणतात, हे त्यांच्याइतके दुसरे कोणी दाखवीत नाही. अभिप्राय वाचताना मात्र अलीकडचे आणि नाराजीचे आधी वाचावे. पाणी, स्वच्छता आणि रात्रीचा गोंगाट यांची खरी हकीकत तेथे मिळते. दोन-तीन दुकानांतील भाव करासह अखेरच्या पानापर्यंत नेऊन ताडून पाहावेत, आणि मग सरळ हॉटेललाच विचारावे. दलाली वाचत असल्यामुळे मालक पुष्कळदा काही सोडावयास राजी होतो. पूर्वी काही कंपन्या, आपल्यापेक्षा कमी भावात खोली अन्यत्र देऊ नये, अशी अट हॉटेलांवर घालीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी रुपये दंड केला आणि अशा अटी करारांतून काढावयास सांगितले, तो याच कारणाने. तथापि अनोळखी मालकाला फोनवरून आगाऊ पैसे पाठविण्यात जोखीम आहे. अशा वेळी 'पैसे हॉटेलात' या अटीवरचे आरक्षण बरे.

सारांश, स्वस्ताई ही पडद्यावरच्या आकड्यात नसते. आपल्या गरजेशी तो आकडा ताडून पाहण्यात असते. एकूण रक्कम, रद्द करण्याची अट, उतरण्याची वेळ आणि कामाच्या जागेपासूनचे अंतर या चार गोष्टी एका कागदावर लिहाव्यात आणि मगच बोट पुढे करावे. ज्यांना हे वाचता येत नाही, हिशेब करावयास उसंत नाही, तेच आज सर्वांत अधिक पैसे मोजतात, आणि तेच सर्वांत कमी कमावणारे असतात. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या वडीलधाऱ्यांसाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी हा कागद मांडून दिला, तर सरायच्या दाराशी टांगलेल्या त्या जुन्या दरपत्रकाचे काम तो करील, आणि परवडत नसेल तर पुढे जाण्याची मोकळीक प्रवाशाला परत मिळेल.