चालीवर चालता आलं पाहिजे

कार्तिकी उरकली, माऊलींच्या समाधीचा सोहळा झाला, दिंड्या आपापल्या गावाला परतल्या की आळंदी दोन-चार दिवस अंग टाकून पडते. धर्मशाळांच्या गच्च्यांवर वाळणारी धोतरं-लुगडी गेलेली असतात, महाद्वारासमोरच्या दुकानदाराला डुलकी काढायला वेळ मिळतो आणि आम्हा गावकऱ्यांना ओट्यावर बसून भांडायला. मागच्या खेपेला भांडण गाण्यांवरून जुंपलं. मराठी गाण्यांचं सगळ्यांत चांगलं दशक कोणतं?

अण्णांनी पन्नासचं दशक धरलं आणि सोडायचं नाव घेईनात. चाकणला गाड्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा पुतण्या म्हणाला, "काका, अजय-अतुल येईपर्यंत मराठी गाणं झोपलेलंच होतं." अण्णांनी चुन्याची डबी अशी मिटली, की उत्तर त्या आवाजातच आलं.

मी मधे पडलो ते एक अट घालून. आळंदीत बसून वाद घालायचा, तर माप आळंदीचं लावा. वाद्यमेळ केवढा, तबकड्या किती खपल्या हे पुण्या-मुंबईच्या लोकांनी पाहावं. आपल्याकडे गाण्याला चाल असते, आणि त्या चालीवर चालता आलं पाहिजे. पेटी नाही, माईक नाही; पन्नास टाळकरी, एक पखवाज, पुढे वीणेकरी आणि पायांत पाऊली. एवढ्यात जे तग धरेल ते आपलं. तशी मानाच्या दिंडीत भजनी मालिका ठरलेली, तिथे सिनेमाची चाल चालत नाही. पण सप्त्यात, एकादशीच्या महिला भजनी मंडळात, मुक्कामावरच्या रात्री बाहेरची चाल हळूच आत येते. कोणत्या दशकातल्या चाली अशा आत आल्या आणि राहिल्या, एवढंच पाहायचं.

मग मागे जाणं आलं, ते थेट प्रभातपर्यंत. 'संत तुकाराम' १९३६चा, 'संत ज्ञानेश्वर' १९४०चा. दोन्हींचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, दोन्हींचं संगीत केशवराव भोळ्यांचं. 'संत तुकाराम'मध्ये शांताराम आठवल्यांनी तुकोबांच्या वळणावर 'आधी बीज एकले' लिहिलं आणि ते इतकं मुरलं, की लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजू लागले. कितीतरी वर्षं मीही तसंच समजत होतो. एका जाणत्या बुवांनी मला गाथा हातात देऊन सांगितलं, "शोध." मी तीन रात्री शोधलं. पुण्याच्या स्टुडिओत बसलेला कवी देहूच्या शेजाऱ्याला असा चकवू शकतो, तर त्या दशकाला पैकीच्या पैकी द्यायला हवेत. पण एका गाण्यावर दशक कसं ठरवायचं?

अण्णांचं पन्नासचं दशक मात्र कच्चं नव्हतं. त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे १९५३चा 'गुळाचा गणपती'. लेखन, दिग्दर्शन, संगीत, नायक, सगळं पु. ल. देशपांडे, गीतं ग. दि. माडगूळकरांची, आणि 'इंद्रायणी काठी' गायला तिशी नुकती ओलांडलेले भीमसेन जोशी. आमच्या गावाचं नाव घराघरांत गेलं ते या गाण्यानं. त्यालाही लोक जुना संतांचा अभंग समजतात. अण्णा पुढे म्हणाले, "१९१९ साली किती जण जन्मले बघ. गदिमा, सुधीर फडके, पुलं. तिघं एकाच साली. पन्नासच्या दशकात तिघंही ऐन उमेदीत!" हे खरंच आहे. पुणे आकाशवाणी १९५३मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, तिच्यावर गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. पुढचं वर्षभर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी. अण्णांच्या आईनं रेडिओला हळदकुंकू वाहिल्याची आठवण त्यांनी याही वेळी सांगितली. आम्हीही ती याही वेळी ऐकून घेतली.

पण चालून बघा. 'इंद्रायणी काठी' डोळे मिटून, मांडी घालून ऐकायचं गाणं आहे. गीतरामायण तर बैठकीचंच. त्यात निवेदन हवं, वाद्यं हवीत, सुधीर फडक्यांचे शब्दोच्चार हवेत. टाळकऱ्यांच्या हाती ते लागत नाही. अण्णा नाराज झाले, पण अट त्यांनीही मान्य केली होती.

साठचं दशक भावगीतांचं. खळे, पाडगावकर, अरुण दाते, 'शुक्रतारा'. त्याचं दिंडीला काय काम? एक मात्र खरं, की 'आळंदीला जाऊन लग्न केलं' या शब्दांचा अर्थ महाराष्ट्रात सगळ्यांना कळतो. घरच्यांना चुकवून आलेली जोडपी इथल्या कार्यालयांत हार घालतात. त्यातल्या जुन्या मंडळींच्या पळून येण्यात शुक्रताऱ्याचा हात नसेलच असं नाही.

सत्तरच्या दशकापाशी मी अडलो. ऐकणारा म्हणून विचाराल, तर माझं मत इथेच पडेल. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. अभंग तेवढ्यात कोंबावा लागे. एल.पी. आली, एका बाजूला वीस मिनिटं मिळाली आणि संतवाणीनं हातपाय पसरले. राम फाटकांची 'तीर्थ विठ्ठल', खळ्यांच्या चाली, भीमसेनांचा आवाज. तिकडे किशोरीताईंचं 'अवघा रंग एक झाला'. आणि आमच्या माऊलींच्या रचनांना हृदयनाथ मंगेशकरांनी लावलेल्या, लताबाईंनी गायलेल्या चाली. 'मोगरा फुलला' सगळ्यांना ठाऊक, पण मला 'घनु वाजे घुणघुणा' जास्त छळतं. सातशे वर्षांपूर्वीची विरहिणी आणि आधुनिक चाल यांचा सांधा कुठे आहे ते अजून सापडत नाही. स्वर जिथे उतरेल असं वाटतं तिथे तो उतरत नाही. आमच्या आळीतल्या भजनी मंडळानं एकदा धाडस केलं. दुसऱ्या ओळीला पखवाजवाला थांबला, तिसरीला पेटीवाली हसली आणि मंडळी मुकाट्यानं नेहमीच्या चालीवर आली. या गाण्यांना दमसास लागतो, आणि चालणाऱ्या माणसाचा अर्धा दम पायांनी आधीच घेतलेला असतो. कानाला श्रेष्ठ, पायाला नाही.

आता ज्या दशकाचं नाव काढलं की शिकलेली मंडळी नाक मुरडतात, ते. कॅसेटचं दशक. ते पंचांगाप्रमाणे चालत नाही. माझ्या हिशेबी १९८०च्या आगेमागे सुरू होतं आणि नव्वदच्या निम्म्यात संपतं. अण्णांनी हरकत घेतली. पण न्यायाधीश मी होतो.

महाद्वाराच्या रस्त्यावर टाळ, तुळशीच्या माळा, बुक्का, हरिपाठाच्या पोथ्या यांच्या शेजारी तेव्हा कॅसेटच्या भिंती उभ्या राहिल्या. प्रत्येक दुकानाचा कर्णा वेगळं गाणं वाजवी आणि रस्त्यानं जाताना चार-पाच देव एकाच वेळी कानात शिरत. त्यात कचरा खूप होता. हिंदी सिनेमाची चालू चाल उचलायची, वर विठ्ठलाचं नाव चिकटवायचं. कीर्तनकार त्यावर चिडून बोलत आणि ते बरोबरच होतं. पण त्याच भिंतीत प्रल्हाद शिंदे होते. भीमगीतं आणि कव्वालीच्या मुक्कामावरून आलेला हा गळा. 'पाऊले चालती पंढरीची वाट' आमच्याकडे घरोघर पोहोचलं ते त्याच्या कॅसेटवरून. त्या आवाजात धूळ होती, ऊन होतं. ते गाणं चालताना म्हणता येतं, कारण त्याचा ठेकाच पावलाचा आहे. चोखोबांची समाधी ज्या पंढरीच्या महाद्वारात आहे, तिच्या वाटेचं गाणं याच गळ्यातून यावं, हे मला फार नेमकं वाटतं.

आणि बाबामहाराज सातारकर. कीर्तन दीड-दोन तासांचं, हरिपाठ अर्ध्या-पाऊण तासाचा. तबकडीत ते मावणारच नव्हतं; साठ-नव्वद मिनिटांच्या एक-दोन कॅसेटमध्ये मावलं. तोवर काय होत होतं? अभंग इथून जायचा, पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत संगीतकार त्याला चाल लावायचे, मोठे गायक गायचे आणि सजून तो आमच्याकडे परत यायचा. कॅसेटनं वारकऱ्यांची स्वतःची चाल, कीर्तनकाराच्या स्वतःच्या गळ्यातून, टाळ-मृदंगासकट बाजारात नेली. सातारकरांचा हरिपाठ मुंबईच्या चाळींत वाजू लागला आणि त्या चाळीतली माणसं पुढच्या आषाढीला दिंडीत आली तेव्हा त्यांना सूर शिकवावा लागला नाही. जोग महाराजांनी १९१७मध्ये इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली पोरं गुरूपुढे बसून जे शिकत, ते आता टेप मागे-पुढे करत घोकताही येऊ लागलं. कीर्तनाला बसल्यावर कीर्तनकाराच्या पुढ्यात पाच-सहा टेपरेकॉर्डर रांगेनं ठेवलेले आणि कॅसेटची बाजू संपली की एकदम उठणारा खटखट आवाज मी पाहिलाय, ऐकलाय.

नव्वदनंतरचं झटपट सांगतो. सीडी आल्या, रीमिक्स आले, मग मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. २०१४ला 'लय भारी'मधलं 'माऊली माऊली' आलं. गीत गुरू ठाकूर, संगीत अजय-अतुल. पुतण्याचा सगळा भरवसा याच्यावर. गाणं दमदार आहे, प्रश्नच नाही. आता आमच्या मंगल कार्यालयांत नवरदेव त्यावर मांडवात येतो. पण त्यातला दणका हा शेकडो वाद्यांचा आणि स्पीकरचा. वीज गेली की ते गाणं बसतं. हे मी बोललो तेव्हा पुतण्या म्हणाला, "मग नाचून बघा ना एकदा." ते माप वेगळं आहे.

त्याला मी एवढंच विचारलं, पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर कानात काय घालतोस? तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं मोबाइल पुढे केला. सातारकरांचा हरिपाठ. मूळ कॅसेटवरूनच उतरवलेला, कारण मधे एका ठिकाणी फीत ओढल्यासारखा आवाज येतो आणि तो त्याला पाठ आहे. निकाल तिथेच लागला. अण्णांनी अपील राखून ठेवलंय.

सातारकर २०२३च्या ऑक्टोबरात गेले. त्यांचं ध्वनिमुद्रण टिकेल, कारण त्याच्या प्रती अगणित आहेत. पण त्या रांगेतल्या टेपरेकॉर्डरमध्ये ज्यांची कीर्तनं भरली गेली, ज्यांची कॅसेट कुणी काढली नाही, ते गावोगावचे बुवा एकेका घरातल्या एकेका फितीवरच उरले आहेत. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी कॅसेट असेल, वर बॉलपेननं फक्त गाव आणि तिथी लिहिलेली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती टाकू नका. फितीवर बुरशी आली असली तरी जाणकाराच्या हाताने ती साफ होते. मोबाइलवर उतरवून घ्या, आणि एक प्रत आम्हालाही द्या.