बाजार हलवला, गर्दी राहिली

पॅरिसच्या ऐन मध्यभागी शातले-ले आल नावाचं भुयारी स्टेशन आहे. आरईआर, म्हणजे पॅरिसची लोकल. तिच्या तीन लाइनी इथे एकत्र येतात आणि लांबलचक बोगद्यांनी त्या मेट्रोच्या पाच लाइनींना जोडलेल्या आहेत. रोज साधारण साडेसात लाख माणसं या स्टेशनातून ये-जा करतात. फलाट जमिनीच्या वीसेक मीटर खाली आहेत. फलाटावरून सरकत्या जिन्याने वर आलं तरी लगेच आकाश दिसत नाही, कारण मध्ये फोरम दे आल हे मजल्यांवर मजले असलेलं शॉपिंग सेंटर लागतं आणि तेही जमिनीच्या पोटातच. कपडे, बूट, पुस्तकं, सिनेमागृहं, पोहण्याचा तलावसुद्धा. हे सगळं ओलांडलं की मग उजेड.

याच जागेवर आठशेहून अधिक वर्षं पॅरिसचा ‘ले आल’ हा घाऊक बाजार भरत होता. तो १९६९ मध्ये शहराबाहेर हलवला. कारण दिलं होतं की फार गर्दी होते, रस्ते तुंबतात. बाजार गेला आणि त्याच्या जागी जे आलं, त्याने बाजाराच्या कितीतरी पट माणसं इथे आणली.

तटाबाहेरचा बाजार

राजा सहावा लुई याने ११३७ च्या सुमारास शाँपो नावाच्या मोकळ्या जागेत नवा बाजार वसवला. तेव्हा ती जागा शहराच्या बाहेर होती. त्याचा नातू फिलिप ऑग्युस्त याने ११८३ मध्ये कापडवाल्यांसाठी तिथे छपराखालच्या दोन वखारी बांधल्या. पुढे याच राजाने नवा तट उभारला आणि बाजार तटाच्या आत आला. मग धान्य, मासळी, लोणी, चामडं असं करत एकेक धंदा भोवती जमत गेला. शहर वाढलं आणि बाजार आपसूक त्याच्या मध्यभागी आला.

बाजाराला लागूनच इनोसाँ नावाचं दफनभूमीचं आवार होतं. मध्यपॅरिसच्या अनेक वस्त्यांमधली माणसं शतकानुशतकं तिथेच पुरली जात होती. जागा तेवढीच आणि प्रेतं वाढत गेलेली. भर पडून पडून जमीन आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा उंच झाली. १७८० मध्ये शेजारच्या एका घराच्या तळघराची भिंत या दाबाने कोसळली आणि दफनभूमीतलं सगळं आत आलं. लोक हादरले. तिथे पुरणं बंद झालं आणि १७८६ पासून हाडं गाड्यांत भरून, रात्रीच्या वेळी, पाद्र्यांच्या सोबतीने शहराच्या दक्षिणेकडच्या जुन्या दगडखाणींत नेऊन रचली गेली. पर्यटक आज पॅरिसचे कॅटाकोम्ब म्हणून जी भुयारं बघायला रांगा लावतात, त्यांची सुरुवात ही. रिकाम्या झालेल्या जागेवर भाजीबाजार बसला. म्हणजे या भागातून सगळ्यांत आधी उठवले गेले ते मेलेले.

सम्राटाला हव्या होत्या छत्र्या

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिसऱ्या नेपोलियनने पॅरिस नव्याने आखायला घेतलं. बाजाराच्या इमारतींचं काम व्हिक्तोर बाल्तार या वास्तुशिल्पीकडे आलं. त्याने पहिली इमारत बांधली ती दगडाची. लोकांनी तिला बाजाराचा किल्ला म्हणून हिणवलं आणि १८५३ मध्ये सम्राटाने काम थांबवलं. मला नुसत्या छत्र्या हव्यात, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. आगगाडीच्या नव्या स्टेशनांची लोखंड-काचेची छपरं त्याच्या मनात भरली होती. ओस्मान या त्याच्या कर्त्या अधिकाऱ्याने बाल्तारला लोखंडाकडे वळवलं. १८५४ पासून पुढच्या दोन दशकांत दहा मंडप उभे राहिले. बिडाचे बारीक खांब, वर काच, बाजूंना हवा खेळवणाऱ्या झडपा. ठरले होते बारा, पण उरलेले दोन उभे राहायला १९३० चं दशक उजाडावं लागलं.

प्रत्येक मंडपाखाली तळघर होतं. तिथे माल साठवायचा, कोंबड्या कोंडायच्या, लोणी मळायचं. या तळघरांतून भुयारी रेल्वे काढून ती बाहेरच्या रेल्वेमार्गाला जोडायची, म्हणजे माल रस्त्यावर न येता थेट बाजाराच्या पोटात उतरेल, अशीही योजना होती. रूळ काही पडले नाहीत. पण बाजाराखाली स्टेशन असावं हा विचार इथे शंभर वर्षं आधीच होऊन गेला होता.

एमिल झोलाने १८७३ मध्ये या बाजारावर कादंबरी लिहिली आणि तिच्या नावापासून ‘पॅरिसचं पोट’ ही बाजाराची ओळख कायमची झाली.

रात्री जागणारा भाग

घाऊक बाजार रात्रीचा. मध्यरात्रीनंतर आसपासच्या खेड्यांतून भाजीच्या गाड्या येऊ लागत. १८९० च्या दशकात दक्षिणेकडच्या आर्पाजों गावाहून एक वाफेची ट्राम सुरू झाली. दिवसा ती माणसं नेई आणि रात्री गाजर, टोमॅटो, घेवडा भरलेले डबे शहराच्या रस्त्यांवरून थेट बाजारापर्यंत आणी. ती १९३० च्या दशकापर्यंत चालली.

माल उतरवणाऱ्या हमालांची स्वतंत्र बिरादरी होती. तिच्यात शिरायचं तर दोनशे किलोचं ओझं पाठीवर घेऊन चालून दाखवावं लागे. त्यांच्या रुंद काठाच्या टोप्या शहरभर ओळखल्या जात. पहाटे या हमालांच्या शेजारी, नाटक-नाच आटपून आलेली भरजरी कपड्यांतली मंडळीही त्याच खानावळीत चीज घातलेलं कांद्याचं गरम सूप ओरपत बसत. त्या सूपाची कीर्ती इथलीच. १९४७ मध्ये सुरू झालेलं आणि रात्रभर उघडं राहण्यासाठी नावाजलेलं ओ पिए द कोशों हे हॉटेल बाजार गेल्यावरही टिकून आहे.

बाजार म्हटला की उंदीर आलेच. जवळच्या रस्त्यावर ओरूझ हे उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताचं दुकान १८७२ पासून आहे. त्याच्या काचेच्या दर्शनी कपाटात पेंढा भरलेल्या घुशी ओळीने टांगलेल्या आहेत. खालच्या पाटीवर त्या १९२५ च्या सुमारास ले आलमध्ये पकडल्याचं लिहिलेलं आहे. ‘रॅटटुई’ या ॲनिमेशनपटात दिसणारं दुकान यावरूनच घेतलेलं आहे. बाजाराच्या जुन्या रहिवाशांपैकी जागेवर राहिल्या त्या याच.

तीन दिवसांत बाजार रिकामा

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रक वाढले आणि अरुंद गल्ल्यांत ते मावेनात. सकाळी कचऱ्याचे ढीग, दुपारपर्यंत रस्ते बंद. स्वच्छतेचा प्रश्न वेगळाच. दक्षिणेला, ओर्ली विमानतळाजवळ राँजिस इथे नवा बाजार बांधण्याचा निर्णय १९५० च्या दशकाच्या शेवटी झाला. फेब्रुवारी १९६९ च्या अखेरीस हजारभर घाऊक व्यापारी आणि वीसेक हजार कामकरी असा सगळा बारदाना तीन दिवसांत हलला. वर्तमानपत्रांनी याला शतकातलं स्थलांतर म्हटलं. मटणबाजार मात्र मागे राहिला, तो १९७३ मध्ये गेला. आज राँजिसचा पसारा दोनशे हेक्टरांहून मोठा आहे आणि ताज्या मालाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या घाऊक बाजारांत त्याची गणना होते.

बाजाराशेजारच्या सँ-त्युस्ताश चर्चमध्ये रेमंड मेसन या शिल्पकाराने केलेलं एक रंगीत शिल्प आहे. फ्लॉवर, संत्री, भाज्यांची खोकी घेऊन निघालेली माणसं, मागे चर्चची भिंत. ‘पॅरिसच्या काळजातून फळं-भाज्यांचं प्रस्थान, २८ फेब्रुवारी १९६९’ असं त्याचं नाव. देवळात देवाची मिरवणूक कोरावी त्या थाटात त्याने भाजीवाल्यांची वरात कोरली आहे.

मंडप रिकामे झाल्यावर काही काळ तिथे नाटकं, जत्रा, प्रदर्शनं भरली. लोकांना ती जागा आवडू लागली. पण खाली स्टेशन बांधायचं ठरलेलं होतं. विरोध झाला, मोर्चे निघाले, तरी १९७१ च्या उन्हाळ्यात पाडकाम सुरू झालं. बारापैकी एकच मंडप, अंडी-कोंबड्यांचा, सुटा करून नोजाँ-स्यूर-मार्न या उपनगरात पुन्हा उभारला. आणखी एक तुकडा थेट जपानात, योकोहामाच्या एका बागेत आहे. बाकीचं लोखंड भंगारात गेलं. या पाडकामाची चुटपुट फ्रेंचांना इतकी लागली की एकोणिसाव्या शतकातल्या इमारती वाचवण्याची चळवळ तिथून जोर धरू लागली.

खड्डा

मग राहिला तो खड्डा. राजधानीच्या मधोमध एवढं मोठं विवर पडलं. लोक कठड्याशी उभे राहून आत बघत. मार्को फेरेरी या इटालियन दिग्दर्शकाने तर तिथे चक्क वेस्टर्न चित्रपट काढला. १९७४ च्या त्या चित्रपटात मार्चेल्लो मास्त्रोयानी जनरल कस्टर होऊन आपल्या घोडदळासह पॅरिसच्या खड्ड्यात रेड इंडियनांशी लढतो.

वर काय बांधायचं यावर एकमत होईना. तिथे मोठं व्यापारी केंद्र व्हायचं होतं, ते राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी १९७४ मध्ये रद्द केलं. स्पॅनिश वास्तुशिल्पी रिकार्दो बोफिल यांची इमारत तर जमिनीवर दिसू लागली होती. १९७७ मध्ये जाक शिराक महापौर झाले. त्यांनी ती पाडायला लावली आणि इथला मुख्य वास्तुशिल्पी मीच, असं जाहीर केलं.

खाली मात्र घोळ नव्हता. जमिनीखाली स्टेशन खणायचं तर एरवी वरच्या घरांचा पाया सांभाळत इंच इंच पुढे सरकावं लागतं. इथे वर घरच नव्हतं. त्यामुळे सात रुळांचं विशाल दालन उघड्या खड्ड्यातच बांधता आलं. मध्ये आडवी येणारी मेट्रोची ४ नंबरची लाइन जरा बाजूला सरकवली आणि तिचं १९०८ चं ले आल स्टेशन नव्या जागी नेलं. डिसेंबर १९७७ मध्ये जिस्कार देस्तँ यांच्या हस्ते शातले-ले आल सुरू झालं. पूर्व-पश्चिम धावणारी ए लाइन आणि दक्षिणेची बी लाइन पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या. १९८१ मध्ये बी लाइन उत्तरेच्या गार द्यु नोर स्टेशनापर्यंत पोचली, १९८७ मध्ये डी लाइन आली.

उपनगरांची गल्ली

फोरम उघडलं ४ सप्टेंबर १९७९ रोजी. क्लोद व्हास्कोनी आणि जॉर्ज पाँक्रेआक यांनी खाली उतरत जाणारा चौक आणि त्याभोवती काचेच्या कमानींचे मजले आखले. आरंभी दुकानं उंची होती, गिऱ्हाईक मध्यपॅरिसचं सुखवस्तू धरलेलं. पण सरकत्या जिन्यांवरून रोज वर येत होती ती उपनगरांतली पोरं, कामगारांच्या वस्त्यांतली, आई-बाप अल्जीरिया, माली, कॅरिबियन बेटांहून आलेली. त्यांच्या घरापासून पॅरिसमधली सगळ्यांत सोपी जागा हीच, गाडी न बदलता थेट. शनिवारी ती इथे जमत, बूट बघत, नाचत. फ्रान्सच्या हिप-हॉपच्या पहिल्या पिढीचा ले आल हा एक अड्डा होता. उंची दुकानं हळूहळू गेली आणि पोरांना परवडेल ते आलं. इथे काय विकलं जावं हे अखेर रेल्वेच्या नकाशाने ठरवलं.

जुन्या पॅरिसकरांना हे पचलं नाही. फोरम अंधारं, गलिच्छ, असुरक्षित, असा बोभाटा झाला. पोलिसांची ओळखपत्र-तपासणीही इथली नित्याची गोष्ट. तक्रारीत तथ्य होतं. रेंगाळायला बाकडी कमी, वाटा गोंधळाच्या, वर नव्याने उभारलेले मंडप काही वर्षांतच कळकट. पण बऱ्याचदा बोट इमारतीकडे असे आणि राग गर्दीतल्या चेहऱ्यांवर.

पुन्हा छत्रीच

२००४ मध्ये महापौर बेर्त्राँ दलानोए यांनी या भागाच्या पुनर्रचनेचे चार संघांचे आराखडे लोकांसमोर मांडले आणि त्यांतला दाव्हिद मांजँ यांचा निवडला. वरच्या छपरासाठी २००७ मध्ये वेगळी स्पर्धा झाली. ती पात्रिक बर्जे आणि जाक अँझ्युती यांनी जिंकली. स्टेशन आणि दुकानं चालू ठेवूनच वर्षानुवर्षं काम चाललं आणि ५ एप्रिल २०१६ रोजी ‘कानोपे’ नावाचं हे छप्पर खुलं झालं. सुमारे सात हजार टन पोलाद, त्यावर काचेच्या अठरा हजार पट्ट्या. संगीतशाळा आणि वाचनालयही या छपराखाली आलं. सगळ्या कामाचा खर्च शंभर कोटी युरोच्या घरात गेला. छपराचा पिवळसर रंग अनेकांना रुचला नाही. त्यात पावसाचं पाणी फटींतून खाली ठिबकू लागलं, मग तर वर्तमानपत्रांनी मनसोक्त टर उडवली. दीडशे वर्षांपूर्वी सम्राटाने मागितलेली छत्री निदान गळत नव्हती.

खरी कोंडी मात्र छपराखाली नाही, बोगद्यात आहे. शातले-ले आल आणि गार द्यु नोर यांच्यामधल्या एकाच बोगद्यातून बी आणि डी या दोन्ही लाइनींच्या गाड्या जातात, गर्दीच्या तासाला एकेका दिशेने बत्तीसपर्यंत. एक गाडी रखडली की दोन्ही लाइनी रखडतात. नवा बोगदा खणायचा तर आता वर मोकळा खड्डा नाही.

मंडईखालून जाताना

शहरातून बाजार हलवणं आपल्याला परकं नाही. मुंबईचा घाऊक भाजीबाजार वाशीला गेला, पुण्याचा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. पुण्याने एक मात्र केलं. १८८६ ची महात्मा फुले मंडई पाडली नाही. गाळ्यांवर किरकोळ भाजी आजही विकली जाते आणि २०२४ पासून शेजारीच जमिनीखाली मेट्रोचं मंडई स्टेशन आहे. मोर्चे काढूनही पॅरिसकरांना जे मिळालं नाही, ते पुणेकरांना मिळालं आहे.

पण पुढची परीक्षा पॅरिसने दाखवून ठेवली आहे. तिथे गाड्यांचा हिशेब आधी झाला, वर कोण येणार आणि त्यांना काय लागणार याचा विचार नंतर. त्याची किंमत म्हणून त्याच जागेवर सदतीस वर्षांत दोनदा बांधकाम करावं लागलं. स्टेशन जिथे उघडतं तिथे माणसं येणारच, मग ती आपल्याला हवी ती असोत किंवा नसोत. त्यांना बसायला बाकडं, डोक्यावर छप्पर आणि परवडेल असं दुकान ठेवायचं की पोलीस उभे करायचे, एवढंच शहराच्या हातात असतं. मंडईच्या आसपासच्या पेठांत आता नवी बांधकामं येतील, भाडी चढतील, जुने गाळेवाले हलतील की टिकतील ते ठरेल. त्याचा निर्णय बिल्डरांच्या आधी महापालिकेने घ्यावा.