तारवात मोशे कधी चढला?

इस्रायलचा स्वातंत्र्यदिन आला की आपल्या वर्तमानपत्रांत विमानांच्या कवायती आणि नेत्यांची भाषणे छापून येतात. त्याच दिवशी जेरुसलेममध्ये होणाऱ्या ‘खिदोन हतनाख’ला, म्हणजे हिब्रू बायबलवरच्या प्रश्नमंजुषेला, जेमतेम दोन ओळी मिळतात. देशोदेशीची ज्यू शाळकरी मुले मंचावर बसलेली असतात, अख्खा देश दूरचित्रवाणीवर पाहत असतो आणि शेवटचा प्रश्न विचारायला बहुधा खुद्द पंतप्रधान उभे राहतात. कोण जिंकले ते दुसऱ्या दिवशी कळतेच. मुलांना काय विचारले आणि त्यातून त्यांचे नेमके काय तपासले, याची चर्चा मात्र कुणी करत नाही. माझे मत स्पष्ट आहे. बायबल कुणी खरोखर वाचले आहे का हे पाहायचे असेल, तर त्यातल्या माणसांवरचे प्रश्न पुरत नाहीत. प्राण्यांबद्दल विचारावे लागते.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत प्रसिद्ध असलेला एक प्रश्न घ्या. ‘मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?’ १९८१ साली एरिक्सन आणि मॅट्सन या संशोधकांनी असे प्रश्न लोकांसमोर ठेवले. बहुतेकांनी बिनदिक्कत ‘दोन’ असे उत्तर दिले. तारू नोहाचे होते, मोशे त्यानंतर कित्येक पिढ्यांनी जन्मला, हे त्यांना ठाऊक होते. तरी वाचताना ते खटकले नाही. मोशेच्या जागी निक्सनचे नाव घातले की चूक लगेच पकडली जाई. दशकभराने नेदरलँड्समधल्या फान ओस्टेनडॉर्प आणि द मुल यांनी मोशे आणि आदाम यांची तुलना केली, तेव्हा आदामापेक्षा मोशेच्या नावाने अधिक लोक फसले. कारण उघड आहे. मोशे आणि नोहा दोघेही जुन्या करारातले वृद्ध पुरुष, दोघांशी देव बोलतो, दोघांच्या कथेत पाणी आहे. वाचणारा प्रत्येक शब्द तपासत नाही, साधारण जुळते आहे असे वाटले की पुढे सरकतो. २००८ साली साँग आणि श्वार्ट्झ यांनी हाच प्रश्न वाचायला अवघड जाईल अशा अक्षरांत छापून दिला, तेव्हा फसणाऱ्यांचे प्रमाण घटले. अक्षर लावताना डोळा थांबला आणि डोळ्याबरोबर विचारही.

या प्रयोगाच्या चर्चेत एक गोष्ट बहुतेक वेळा निसटते. मोशेचे नाव खोडून नोहाचे लिहिले, तरी ‘दोन’ हे उत्तर अपुरेच राहते. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात जोड्यांचा उल्लेख आहे खरा, पण सातव्यात देव नोहाला सांगतो, की शुद्ध पशूंपैकी सात-सात घे आणि अशुद्धांची एकेक जोडी घे. पूर ओसरल्यावर नोहा वेदी बांधून शुद्ध पशुपक्ष्यांचे होमार्पण करतो. दोनच असते तर त्या जाती तिथेच संपल्या असत्या. म्हणजे कथेच्या शेवटाला लागणारी तजवीज आधीच केलेली आहे आणि ती फक्त प्राणी मोजणाऱ्याच्याच ध्यानात येते. नोहाच्या मुलांची नावे शेम, हाम आणि याफेथ, हे संडे स्कूलमधले लहान मूलही घडाघडा सांगते. ते सांगायला कथा समजावी लागत नाही.

त्याच तारवाच्या खिडकीतून आधी कोणता पक्षी बाहेर पडला, हे विचारून पाहा. कबुतर, असेच उत्तर येईल, कारण चोचीत जैतुनाचे पान घेतलेले कबुतर जगभरच्या भिंतींवर आणि पत्रकांवर आहे. पण नोहाने आधी कावळा सोडला होता. पाणी आटेपर्यंत तो इकडून तिकडे उडत राहिला आणि गोष्टीतून निघून गेला. लेवीयच्या पुस्तकात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत येतो. मग १ राजे या पुस्तकात दुष्काळ पडतो, एलीया संदेष्टा करीथ ओहोळाकाठी लपून बसतो आणि देव त्याची सोय करतो ती याच पक्ष्याकडून. कावळे सकाळ-संध्याकाळ त्याला भाकर आणि मांस आणून देतात. देवाच्या माणसाचा घास अशुद्ध चोचीतून यावा, हे लिहिणाऱ्याने सहज लिहिलेले नाही. पुढे ईयोबाच्या पुस्तकात कावळ्याच्या पिलांना कोण खाऊ घालतो असा प्रश्न येतो, आणि लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना म्हणतो, की कावळ्यांकडे पाहा, ते पेरत नाहीत की कापत नाहीत, तरी देव त्यांना पोसतो. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत घाटावर उभे राहिलेल्या मराठी माणसाला तर हा पक्षी परका नाही. हा एकच कावळा धरून उत्पत्तीपासून लूकपर्यंत चालत गेलेल्या विद्यार्थ्याला मी डोळे झाकून पहिला क्रमांक देईन.

ऐकीव चित्रे किती घट्ट बसतात याचा पुरावा दर डिसेंबरात वसईत आणि गोव्यात पाहायला मिळतो. नाताळच्या गोठ्यात बैल असतो, गाढव असते, उंटावरून आलेले तीन राजे असतात. लूकमध्ये गव्हाणी आहे, जनावर एकही नाही. मत्तयमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, पण ते तीन होते असे तो कुठे म्हणत नाही आणि उंटांचाही उल्लेख करत नाही. बैल आणि गाढव येतात ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून, जिथे बैलाला आपला धनी कळतो आणि गाढवाला धन्याची गव्हाणी, माझ्या लोकांना मात्र कळत नाही, अशी देवाची खंत आहे. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत बैल-गाढव आणून गव्हाणीचा देखावा मांडला आणि ती प्रथा पसरली. यात गैर काहीच नाही, उलट यशयाची ती खंत मनात असेल तर गोठ्यातली ती दोन जनावरे अधिक बोलकी होतात. ते ठाऊक नसेल तर ती नुसती सजावट राहते.

आता ज्याच्यामुळे ही जेरुसलेमची स्पर्धा घराघरांत पोहोचली त्या माणसाविषयी. आमोस हखाम. १९२१ साली जेरुसलेममध्ये जन्म. लहानपणी पडून डोक्याला मार लागला आणि बोलणे कायमचे अडखळत झाले. इतर मुले चिडवतील म्हणून वडिलांनी त्याला घरीच शिकवले, आणि वडील स्वतः बायबलचे अभ्यासक. मोठेपणी तो अंधांसाठीच्या एका संस्थेत साधा कारकून होता, गरिबीत राहत होता. १९५८ साली इस्रायलच्या दहाव्या वर्षानिमित्त प्रौढांसाठी ही स्पर्धा भरली. हखाम आधी देशपातळीवर जिंकला आणि मग निरनिराळ्या देशांतल्या स्पर्धकांसमोर उभा राहून जागतिक विजेताही ठरला. लोक रेडिओला कान लावून बसले होते. पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांना बायबलचे वेड होते आणि या स्पर्धेच्या मागे ते ठामपणे उभे होते. जो माणूस चार लोकांत बोलायला बिचकत होता, त्याची उत्तरे एका रात्रीत देशभर पोहोचली. शाळकरी मुलांची स्पर्धा १९६३ पासून सुरू झाली, तीही याच लाटेवर.

मला हखामचे खरे मोठेपण दिसते ते नंतरच्या आयुष्यात. नाव झाल्यावर तो स्पर्धांचा नायक म्हणून मिरवत राहिला नाही. ‘दआत मिक्रा’ या भाष्यमालेसाठी त्याने यशया, स्तोत्रे, ईयोब अशा कठीण पुस्तकांवर ओळीओळीने भाष्य लिहिले, आणि २०१२ साली वारला तेव्हा लोक त्याला भाष्यकार म्हणूनही ओळखत होते. पाठांतराच्या परीक्षेतून असा एक वाचक निघाला, एवढ्यावरून मी या स्पर्धांच्या बाजूचा आहे.

पण त्यांच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. इस्रायलच्या अंतिम फेरीत धार्मिक शाळांतल्या मुलांचेच प्राबल्य असते. २००८ साली अंतिम फेरीतली एक मुलगी येशूला मसीहा मानणाऱ्या ज्यू घरातली निघाली, तेव्हा काही रब्बींनी स्पर्धेवर बहिष्कार घालण्याची हाक दिली. तिला ग्रंथ किती येतो, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही. हे मला लाजिरवाणे वाटते.

शिवाय ‘बायबल’ म्हटल्यावर कोणते, हे आधी ठरवावे लागते. बायबलमध्ये मांजर आहे का? प्रॉटेस्टंट विद्यार्थी ‘नाही’ म्हणेल आणि त्याच्या सहासष्ट पुस्तकांपुरते ते बरोबर आहे. कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर पुस्तके आहेत आणि बारूखच्या सहाव्या अध्यायात, यिर्मयाचे पत्र म्हणतात त्या भागात, मूर्तींच्या अंगावर वटवाघळे, पाकोळ्या आणि मांजरे बसतात असे वर्णन आहे. तसाच तोबितचा कुत्रा. बायबलात कुत्र्याचे नाव बहुधा तिरस्कारानेच येते. पण तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया प्रवासाला निघतो, सोबत वाटाड्याच्या रूपातला देवदूत असतो आणि मागोमाग घरचा कुत्रा. कथेत त्याला काही काम नाही, तो नुसता जातो आणि परत येतो. एवढे एक वाक्य ज्याने वाचताना गाळले नाही, त्याचे वाचन पक्के. केरळात कॅथलिक बिशपांच्या बायबल आयोगातर्फे होणाऱ्या ‘लोगोस’ परीक्षेला लाखो लोक बसतात. तिथे कोणती पुस्तके वाचायची ते आधीच जाहीर होते. ही पद्धत मला पटते. नेमलेला भाग चारदा वाचला जातो.

प्रश्न काढणाऱ्यांना सर्वांत सोपे असतात ते आकडे. ईयोबाची मेंढरे आधी सात हजार, शेवटी चौदा हजार. उंट तीन हजारांचे सहा हजार. शमशोनाने पकडलेले कोल्हे तीनशे. अलीशाची टिंगल करणाऱ्या, अस्वलींनी फाडलेल्या पोरांची संख्या बेचाळीस. हे पाठ होते आणि स्पर्धा संपली की विसरते. त्याऐवजी असे विचारा: ईयोबाची जनावरे दुप्पट झाली, मुले मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच का? पहिल्यांदा दगावलेल्या दहा मुलांची जागा दुप्पट मुलांनी भरत नाही, हे लेखकाला कळत होते का? नव्या तीन मुलींची नावे दिली आहेत, त्यांना भावांबरोबर वारसा मिळाला असेही लिहिले आहे, आणि ईयोबाच्या बायकोचे नाव मात्र कुठेच नाही. नोहाच्या बायकोचेही नाही. नाव विचारणाऱ्या परीक्षेत या बायका कधी येणारच नाहीत.

किंवा बलामची गाढवी घ्या. गणनाच्या बाविसाव्या अध्यायात मोआबाच्या राजाने शाप देण्यासाठी बोलावलेला हा नामांकित द्रष्टा गाढवीवर बसून निघतो. वाटेत तलवार उपसलेला देवदूत उभा असतो. तो गाढवीला दिसतो, द्रष्ट्याला दिसत नाही. ती शेतात शिरते, मग भिंतीला घासते, मग खाली बसते, आणि तिन्ही वेळा मार खाते. शेवटी तिला वाचा फुटते आणि ती विचारते, की मी तुझे काय केले? हिब्रू बायबलात बोलणारे दोनच प्राणी, एदेनातला साप आणि ही गाढवी. एक माणसाला फसवतो, दुसरी वाचवते. किती वेळा मारले, हे विचारून एक गुण देता येतो. पैसे घेऊन पाहणाऱ्याला जे दिसले नाही ते ओझे वाहणाऱ्या जनावराला का दिसले, यावर मुलाला बोलू दिले तर त्याचे वाचन कळते.

हे काम आपल्याकडे मराठीत झाले आहे. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने १८८० च्या सुमारास मुंबईत बायबलमधल्या चरित्रांवर मराठी कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी अशा आपल्या घाटात हिब्रू पूर्वजांची आख्याने रंगली. कीर्तनात आख्यान लावणाऱ्याला नुसते नाव माहीत असून भागत नाही. पात्र का तसे वागले ते समोरच्यांना पटवावे लागते. याच समाजात एलीयाचे, त्यांच्या ‘एलियाहू हनाबी’चे, स्थान सर्वांत जवळचे, त्याच्या नावाने मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळे-सागाव भागातल्या खडकावरच्या खुणा त्याच्या स्वर्गारोहणाच्या वेळच्या, रथाच्या आणि घोड्याच्या टापेच्या, असे ते श्रद्धेने मानतात. पुस्तकातले अग्नीचे घोडे रायगड जिल्ह्यातल्या दगडावर उतरावेत, इतकी ती कथा त्यांनी आपली केली होती.

प्राण्यांवरची सर्वांत मोठी परीक्षा तर बायबलातच आहे आणि तिचा परीक्षक देव आहे. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायापासून तो विचारत सुटतो. सिंहिणीसाठी शिकार तू करतोस का? रानबकरी कधी विते ते तुला ठाऊक आहे का? रानगाढवाला मोकळे कुणी सोडले? शहामृग, युद्धातला घोडा, ससाणा, गरुड, मग बेहेमोथ आणि लिव्याथान. या प्रश्नांना ईयोबाजवळ उत्तर नाही. तो तोंडावर हात ठेवतो. आणि या पुस्तकावर आयुष्यातली वर्षे घालवणारा हखाम हा जगातला पहिला बायबल-विजेता होता.

पंतप्रधानांच्या तोंडी जाणारा शेवटचा प्रश्न मला काढायला मिळाला, तर तो योनाच्या पुस्तकातला असेल. योनाला गिळणारा मासा कोणता, हा नव्हे. तिथे फक्त ‘मोठा मासा’ आहे. निनवेत उपास कुणीकुणी केला, हे मी विचारीन. राजाने फर्मान काढले आणि माणसांबरोबर गुराढोरांनीही अन्नपाणी सोडले, गोणपाट पांघरले. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी हे पुस्तक सभास्थानात वाचले जाते. त्याचा शेवट देवाच्या प्रश्नाने होतो, की ज्या शहरात उजवे-डावे न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसे आहेत आणि पुष्कळ गुरे आहेत, त्याची मी कीव करू नये काय? ती गुरे त्या वाक्यात का आली, हे सांगायला मुलांना दोन मिनिटे द्यावीत आणि घड्याळ बंद ठेवावे.