पडक्या भिंतीत काय बघायचं?

आम्ही बोरीवलीच्या बचत गटांतून बोलतोय.

गटाची सहल म्हटली की आपली यादी ठरलेली असते. एकवीरा, जेजुरी, शिर्डी, अक्कलकोट. देवदर्शन म्हटलं की घरातून सहसा ‘नाही’ येत नाही, हेही त्यामागचं एक कारण आहे. खोटं कशाला बोला! यंदाच्या बैठकीत आम्ही वसईच्या किल्ल्याचं नाव काढलं, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “पडक्या भिंती बघायला भाडं कशाला खर्चायचं? पडकं घर तर आमच्या गल्लीतच आहे.” सगळ्याजणी हसल्या. पण मावशींचा प्रश्न खरा होता. पडक्या जागी बघायचं काय, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आज त्याबद्दलच बोलू.

वसईला जाण्याआधी आम्ही एका रविवारी घराजवळच सराव केला. आमच्या बोरीवलीत मंडपेश्वरची लेणी आहेत. हजार वर्षांहून जुनी, शंकराची, डोंगर कोरून केलेली. आत नटराज कोरलेला आहे, पण बराच झिजलेला आणि फुटलेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे आले. त्यांनी या लेण्यांचं चर्च केलं आणि डोंगरावर मोठी इमारत बांधली. त्या इमारतीच्या भिंती आजही लेण्यांच्या डोक्यावर उभ्या आहेत. पुढे मराठे आले आणि चर्च गेलं. आज आत शिवलिंगाची पूजा होते, आणि बाहेरच्या एका भिंतीवर कोरलेला क्रूस अजून दिसतो. दोन्ही खुणा एकाच खडकात आहेत. आमच्यातल्या बऱ्याचजणी पंधरा-वीस वर्षं त्या रस्त्यावरून भाजीला जात होत्या. आत मात्र पहिल्यांदाच गेल्या.

तिथे आम्ही एक गोष्ट शिकलो. पडक्या जागेत शिरल्यावर आधी विचारायचं, इथे पहिलं कोण होतं, नंतर कोण आलं, आणि आलेल्यानं आधीच्याचं काय ठेवलं, काय मोडलं?

मग डिसेंबरात आम्ही वसईला निघालो. बोरीवलीहून लोकलनं दहिसर, मीरा रोड, भाईंदर, आणि त्यानंतर गाडी खाडीवरच्या पुलावर येते. तिथेच आम्ही सगळ्यांना खिडकीतून बाहेर बघायला सांगितलं. ही खाडी बघितली की वसईचा किल्ला तिथेच का, ते कळतं. त्या काळी माल जहाजातून आणि होड्यांतून जायचा. खाडीच्या तोंडावर ज्याचा बुरूज, त्याच्या हातात येणारीजाणारी प्रत्येक होडी. आपल्या नाक्यावरच्या टोलसारखंच म्हणा ना.

हा मुलूख आधी गुजरातच्या सुलतानाकडे होता. सुलतान बहादूरशहाला मुघल बादशहा हुमायूनची भीती होती. पोर्तुगीजांची मदत मिळावी म्हणून 1534 साली त्यानं वसई आणि आसपासची बेटं त्यांना देऊन टाकली. आपलं बोरीवलीही त्यातच गेलं. पुढची दोनशे वर्षं पोर्तुगीज तिथे राहिले. तटाच्या आत त्यांनी नुसती फौज ठेवली नाही, तर एक शहरच वसवलं. घरं, चर्च, मठ, सगळं होतं. चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेनं मोठा वेढा घातला आणि 1739 च्या मे महिन्यात किल्ला घेतला. माणसं दोन्हीकडची पुष्कळ पडली. तह झाल्यावर पोर्तुगीजांना बायकामुलांसह आणि सामानासह जाऊ दिलं. 1780 मध्ये किल्ला इंग्रजांनी जिंकला. 1802 च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला, तोही वसईलाच.

नाशिककडच्या मैत्रिणींनी नारोशंकराची घंटा ऐकली असेल. ती मुळात वसईच्या बाजूच्या चर्चची घंटा. विजयाची खूण म्हणून मराठे अशा घंटा घेऊन गेले आणि त्या देवळांत लागल्या. म्हणजे वसईचा किल्ला पडला, पण त्याचा आवाज अजून नाशकात आहे.

आता बघायचं कसं, ते सांगतो. यासाठी शिक्षण लागत नाही. घर चालवणाऱ्या बाईला यातलं निम्मं आधीच माहीत असतं.

पहिलं, दरवाजा. दार सरळ समोर आहे की वळणावर आहे? वळणावरचं दार शत्रूला धावत येऊ देत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत भोकं असतात, ती अडसराची. आपण आडणा घालतो, तसाच तो ओंडका.

दुसरं, भिंतीतली चौकोनी भोकं. एका रेषेत ओळीनं भोकं दिसली की समजायचं, इथे तुळया होत्या आणि वर माडी होती. लाकूड गेलं, भोकं राहिली. वसईत अशा भिंतींसमोर उभं राहून आम्ही मजले मोजले. मघाच्या मावशींनीच सगळ्यांत आधी बरोबर सांगितलं, कारण त्यांचं माहेरचं घर माडीचं होतं.

तिसरं, कोनाडे. लहान कोनाडा दिव्याचा असू शकतो. त्याच्या वर काजळी दिसते का, बघा.

चौथं, पाणी. किल्ला कितीही मोठा असो, विहीर नसेल तर वेढ्यात तो टिकत नाही. विहिरीच्या कडेच्या दगडावरून हात फिरवा. जुन्या विहिरीला दोर घासून घासून खाचा पडलेल्या असतात. किल्ला बांधणाऱ्या कप्तानाचं नाव पुस्तकात सापडतं, पाणी ओढणाऱ्या बाईचं सापडत नाही. तिची खूण ती खाच.

मग हे सगळं पडतं कसं? लढाईत जेवढं पडतं, त्याहून जास्त नंतर पडतं. आधी छप्पर जातं. लाकूड कुजतं, नाहीतर लोक काढून नेतात. छप्पर गेलं की पाऊस थेट भिंतीत शिरतो आणि चुना सुटतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी फटीत पडतं आणि मूळ दगड उचकटतं. मग माणसं येतात. कुणी गुप्तधनासाठी खणतं, कुणी बांधकामाला दगड नेतं, कुणी बदाम काढून नाव कोरतं.

सहल ठरवताना आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टीही लिहून घ्या. बचतीच्या रकमेला हात लावू नका. आम्ही दरमहा प्रत्येकी वीस रुपये वेगळे काढले आणि तसा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला. ठराव लिहिलेला असला की घरीही सांगायला सोपं जातं, “गटाचं काम आहे.” पावसाळ्यात जाऊ नका, शेवाळ असतं आणि गवतात साप दिसत नाही. दिवाळीनंतर थंडीत जा. पायात चप्पल नको, बूट किंवा पट्ट्याची सँडल हवी. पाणी, भाकरी बरोबर घ्या आणि कचऱ्याची पिशवी परत आणा. पडक्या जागी शौचालय असेलच असं नाही, म्हणून स्टेशनवरच जाऊन घ्या. हे सांगायला लाजायचं कशाला? याच धास्तीनं किती बायका पाणी न पिता फिरतात. पडक्या जिन्यावर चढू नका. दोघी-दोघींच्या जोड्या करा. आणि आसपासच्या वस्तीशी बोला. वसईच्या किल्ल्यातूनच किल्ला बंदरच्या कोळीवाड्याकडे रस्ता जातो. तिथल्या बायका रोज या तटाजवळून बाजाराला जातात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय किल्ला बघून होत नाही.

वसईहून परत येताना गाडीत आमच्यातली एक ताई गप्प बसून होती. तिचं माहेर सोलापूरकडचं. बऱ्याच वेळानं म्हणाली, “आमच्या गावच्या गढीला आता काहीच उरलं नाही. आमच्या गोठ्याच्या जोत्यात तिचेच दगड आहेत. वडिलांनी बैलगाडीनं आणले, तेव्हा मीच मागून गाडी ढकलत होते.” कुणीच काही बोललं नाही. तिला दोष कोण देणार? दगड रिकामा दिसला, गोठ्याला हवा होता. गढी म्हणजे काय, हे तिला तरी कुणी सांगितलं होतं?

संक्रांतीला ती माहेरी गेली आणि तिथून तिनं आम्हाला मोबाईलवर एक फोटो पाठवला. हापशाजवळचा एक दगड. लहानपणी ती त्यावर धुणं धुवायची. खाली लढणारा माणूस, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्र-सूर्य. तो वीरगळ होता, गावासाठी किंवा गाईगुरांसाठी लढताना मेलेल्या माणसाचा दगड. वरची कोरणी अजून नीट होती. खालची धुण्यानं झिजली होती. तिनं भावजयीला दाखवलं, दोघी मिळून सरपंचांकडे गेल्या. आता त्यावर कुणी धुणं धूत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असं काही असेल. गढीचा बुरूज, बारव, वीरगळ. एखादा दगड असा असेल, ज्यावर बांगड्या भरलेला, कोपरात वळलेला बाईचा हात कोरलाय. तो सतीचा दगड. त्याला शेंदूर लावण्याआधी, तिच्यावर काय वेळ आली असेल, याचा घडीभर विचार करा.

पुढच्या बैठकीला अर्धा तास काढा आणि गटानं एकत्र जाऊन असं ठिकाण बघा. फोटो काढा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, वहीत लिहा, ग्रामपंचायतीला कळवा. दगड जागचा हलवू नका, कारण तो कुठे होता हीसुद्धा माहितीच असते. केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेल्या वास्तूचं नुकसान केलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण गावोगावच्या बहुतेक दगडांवर असा फलक नसतो. त्यांची राखण आपणच करायची आहे.

मावशींनी परवा बैठकीत विचारलं, “पुढची सहल कुठल्या पडक्या भिंतीला?” त्यावर ठराव व्हायचा आहे. झाला की कळवू. नमस्कार.