ट्रॅक्टरचा धूर कोठे गेला?

ट्रॅक्टर नांगराला लागला आणि धुराड्यातून काळा लोट उठला की, "गाडी जोरात आहे" असे म्हणण्याची आपल्याकडे रीत होती. वस्तुतः तो लोट म्हणजे पैसे मोजून घेतलेले, पण न जळलेले डिझेल. आज पन्नास अश्वशक्तीवरचा नवा ट्रॅक्टर घेतला तर तो लोट दिसत नाही. तो कोठे गेला हे, आमच्यासारख्या कारखान्याच्या शेडमध्ये शिकलेल्या माणसांना समजले तेवढे, येथे सांगतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा दाबून ती इतकी तापवतात की त्यात उडवलेले इंधन आपोआप पेट घेते. परंतु इंधन आणि हवा एकजीव व्हायला सेकंदाचे काही सहस्रांशच मिळतात. थेंबाच्या पोटाशी प्राणवायू पोचत नाही, तेथे काजळी होते. जेथे ज्वाला फार तापते तेथे हवेतला नत्र प्राणवायूशी जुळून नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू होतात. खरी पंचाईत अशी, की ज्वाला थंड ठेवावी तर काजळी वाढते, तापू द्यावी तर विषारी वायू वाढतात. एका घाणीला दाबले की दुसरी वर येते.

ही घाण कोणाच्या छातीत जाते? खाणीतला मजूर, गॅरेजमधला पोऱ्या, मळणीयंत्राशेजारी दिवसभर उभी असणारी बाई, यांच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर निश्चित कर्ककारक ठरवला, आणि त्यामागच्या पुराव्यात खाणकामगारांचा अभ्यास महत्त्वाचा होता. म्हणून हा विषय आम्ही इंजिनिअरांवर सोडून देत नाही.

अमेरिकेने १९९६ पासून अशा इंजिनांवर टप्प्याटप्प्याने मर्यादा घातल्या. भारतात ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना 'ट्रेम चार' हा नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. पुण्याच्या टेकडीवरची ए.आर.ए.आय. ही संस्था अशा चाचण्या करते. इंजिनाने एक किलोवॅट-तास काम केले तर किती ग्रॅम घाण निघाली, हे त्यात मोजतात. सुमारे ५० ते ७५ अश्वशक्तीच्या गटात काजळीची मर्यादा पूर्वी ०.४ ग्रॅम होती, ती ०.०२५ झाली, म्हणजे सोळावा हिस्सा. त्याच गटात विषारी वायूंची मर्यादा मात्र होती तेवढीच राहिली. आणि आपल्या देशात विकले जाणारे बहुसंख्य ट्रॅक्टर पन्नासच्या आतले. त्यांना २०२३ चा नियम शिवलाच नाही!

आता उपाय. पहिला नोझलपाशी. जुन्या पंपाऐवजी 'कॉमन रेल' नावाची नळी येते. तिच्यात डिझेल हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींच्या आसपास दाबून धरलेले असते. धुक्यासारखे बारीक थेंब उडतात, आणि एका फेरीतच संगणक दोनतीन वेळा नोझल उघडतो. दुसरा उपाय विचित्र वाटेल: बाहेर पडलेला धूर थोडा गार करून पुन्हा इंजिनाला पाजायचा. त्याने ज्वालेचा ताप उतरतो व विषारी वायू घटतात.

उरलेली काजळी फिल्टर अडवतो. ही मधाच्या पोळ्यासारखी मातीची वीट. तिची भोके एकाआड एक बुजवलेली असतात, म्हणून धुराला भिंतीतून झिरपावे लागते आणि काजळी आत राहते. पण ती साठतच गेली तर इंजिन गुदमरेल. यासाठी मधूनमधून जास्तीचे डिझेल सोडून, प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप दिलेल्या डब्यात ते जाळून, फिल्टरचा ताप सहाशे अंशांच्या घरात नेतात. काजळी जळून जाते. या वेळी ट्रॅक्टर उसाच्या वाळक्या पाचटावर उभा करणे म्हणजे आगीला आमंत्रण. इंजिन तासन्‌तास रिकामे चालू ठेवले तर धूर तापत नाही व फिल्टर लवकर तुंबतो. हे सारे बिनगंधकाच्या डिझेलवाचून चालत नाही, कारण गंधक लेपाला मारतो. देशभर दशलक्षांश १० भाग गंधकाचे डिझेल १ एप्रिल २०२० पासून आले.

७५ अश्वशक्तीपुढे विषारी वायूंवरही कडक मर्यादा आहे. तेथे बहुधा शुद्ध युरियाचे पाणी धुरात फवारतात. त्याचा अमोनिया होतो आणि वायूंचे पुन्हा निरुपद्रवी नत्र व पाणी होते. शेतातला युरिया कालवून ओतण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये. २०१५ पासून आपल्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे, त्याने हा सगळा सरंजाम बिघडेल.

आमचा प्रश्न पुढचाच आहे. गावचा मिस्त्री आवाजावरून कोणते नोझल गळते ते ओळखत असे. आता दिवा लागतो, आणि त्याचा अर्थ कंपनीच्या संगणकालाच कळतो. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डीअर कंपनीवर खटला भरला, तो दुरुस्तीचे पूर्ण साधन फक्त अधिकृत विक्रेत्यांनाच देते या तक्रारीवरून. मिस्त्रीला ज्ञान व साधन नाकारले तर तो काय करील? फिल्टर पोखरून मोकळा करील, आणि धूर पुन्हा त्याच्याच छातीत जाईल. आय.टी.आय.च्या प्रत्येक वर्गात हे यंत्र उघडून दाखवा, आणि ते वाचण्याचे साधन वाजवी दरात बाजारात आणा, एवढी आमची मागणी आहे.

फिल्टर शाबूत आहे की नाही हे पाहायला मात्र संगणक लागत नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर धुराड्याच्या तोंडात पांढरे फडके फिरवावे. शाबूत फिल्टरचे धुराडे आतून जवळजवळ स्वच्छ असते. फडके काळे निघाले, तर फिल्टर फुटला आहे किंवा कोणीतरी काढला आहे.